दुप्पट परतीचं बियाणं

होळी आटोपली की वरळीत चाळीच्या गॅलरीपासून टॉवरच्या बाल्कनीपर्यंत कुंड्यांची उसाभर सुरू होते. बियाणं मात्र पाकिटातलं, बहुधा संकरित; त्याचं बी धरलं तरी पुढच्या वर्षी तोच वाण उतरेल याचा भरवसा नाही. म्हणून यंदा वाचकांना आग्रह: चैत्रात एक रविवार काढा आणि कसारा घाट चढून, घोटीवरून अकोले तालुक्यात जा. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी तिथं गावरान वाणांची बँक उभी केली, वाल-घेवड्याचेच कितीतरी प्रकार जपले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. व्यवहार सरळ आहे: नेलं त्याच्या दुप्पट परत करायचं. (आधी कळवून जा, ते पर्यटनस्थळ नव्हे.)

रिकाम्या हातानं मात्र जाऊ नका. अंजिराच्या, शेवग्याच्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून नेता येतात. आंब्याची घाई नको. थंड देशांत कलमकाड्यांची देवघेव हिवाळा सरताना होते. आपल्याकडे मात्र चैत्राच्या उन्हात काडी वाळून जाईल. कोय कलम पावसाळ्यातच बांधावं, आणि काडी कापण्याआधी आठ-दहा दिवस तिची पानं देठ ठेवून छाटावीत, म्हणजे डोळा फुगतो. हापूससुद्धा पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात कलमांतूनच रुजला.

अशी देवघेव कायद्यात बसते का, असं काही वाचक विचारतात. बसते. २००१ च्या वाणसंरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला स्वतःचं बी राखण्याचा, वाटण्याचा, विकण्याचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाण ब्रँडच्या नावानं विकता येत नाही, एवढंच.