आधी भरती नाकारली, आता नकाराचा हक्क मागू

मागच्या पौर्णिमेला विहारात वंदना संपल्यावर बारावी झालेला एक मुलगा मागे थांबला. अग्निवीर व्हायचं म्हणून रोज पहाटे पळायला जातो. म्हणाला, "दादा, 'पाणातिपाता वेरमणी' म्हणायचं आणि हातात बंदूक घ्यायची, मग मी बौद्ध कसला?" शेजारचे काका लगेच बोलले, "नोकरी मिळतेय तर घे. जास्त डोकं चालवू नको."

मुलाचा प्रश्न खरा आहे. काकांचं उत्तर मला पटलं नाही.

मुहम्मद अलीने १९६७ मध्ये व्हिएतनाम युद्धासाठीच्या सक्तीच्या भरतीला नकार दिला. किताब गेला, पाच वर्षांची शिक्षा सुनावली गेली. १९७१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

आपला इतिहास याच्या उलट आहे. आपल्याला सैन्याच्या दारातून परत पाठवलं गेलं. इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, तेव्हा आपल्याच दापोलीत राहणारे पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१७ मध्ये गरज पडली म्हणून महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार मंडळावर गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. म्हणून सैन्यात जाणाऱ्या पोराला 'कच्चा बौद्ध' म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नाही.

पण तत्त्व म्हटलं की प्रत्येक वेळी विचार करणं आलं. विचार करणाऱ्याला 'नाही' म्हणता आलं पाहिजे.

आज आपल्याकडे सक्तीची भरती नाही. पण संविधानाचं कलम २३(२) सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा राज्याला देतं. जातीवरून भेदभाव करायचा नाही, एवढी अट तिथे आहे. विवेकाने नकार देणाऱ्याला सूट मात्र लिहिलेली नाही. कलम २५ सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं. त्याच्या आधारे हा हक्क कायद्यात स्पष्ट लिहून घ्यायची मागणी सक्ती नसतानाच करायला हवी. युद्ध सुरू झाल्यावर कोण ऐकणार?

आणि गरिबी ही सुद्धा सक्तीच आहे. दापोलीचे पेन्शनर बोलू शकले, कारण सैन्यात अक्षरओळख झाली होती आणि दर महिन्याला पेन्शन येत होती. अग्निवीराची सेवा चार वर्षांची. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार, बाकीचे एकरकमी पैसे घेऊन पेन्शनशिवाय घरी. ज्याला दुसरी वाटच नाही, त्याच्या होकाराला स्वेच्छा म्हणायचं का?

त्या मुलाला मी एवढंच सांगितलं, "जायचं तर जा, नाही तर नको जाऊ. पण हा प्रश्न टाकून जाऊ नको." आपल्या संघटनांनी मात्र दोन मागण्या एकत्र लावून धराव्यात: जाणाऱ्याला पेन्शन आणि न जाणाऱ्याला हक्क.

जय भीम!