नाताळचं कार्ड टपालानंच पाठवा

३० डिसेंबर २०२५ रोजी डेन्मार्कच्या सरकारी टपाल कंपनीनं, म्हणजे पोस्टनॉर्डनं, शेवटचं पत्र पोहोचवलं आणि पत्रवाटप कायमचं बंद केलं. १६२४ सालापासूनची ही सेवा. २००० साली त्या छोट्या देशात वर्षाला सुमारे १४० कोटी पत्रं जात होती. २०२४ मध्ये ती ११ कोटींवर आली. रस्त्यांवरच्या दीड हजार लाल टपालपेट्या काढून घेण्यात आल्या. आता तिथं कुणाला पत्र पाठवायचंच असेल, तर खासगी कंपनीकडे जावं लागतं. सरकारी टपालातून आलेलं नाताळचं कार्ड डेन्मार्कच्या लोकांनी त्या डिसेंबरात शेवटचं उघडलं.

मी वसईत पोस्टमन होतो. त्यामुळे ही बातमी मला लांबची वाटली नाही. त्यातही ती डेन्मार्कची होती, याचं जास्त वाईट वाटलं. नाताळच्या टपालाला सेवेची जोड पहिल्यांदा दिली ती याच देशातल्या एका टपाल कारकुनानं. त्याचं नाव आयनार होल्बोल. १९०३ च्या नाताळात टपालाचे ढीग निवडताना त्याच्या मनात आलं, की या प्रत्येक पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी आणखी एक छोटं तिकीट लागलं आणि त्याचे पैसे आजारी मुलांना मिळाले तर? पुढच्याच वर्षी ते तिकीट निघालं आणि पहिल्याच नाताळात चाळीस लाखांहून जास्त खपलं. त्या पैशांतून क्षयरोग्यांसाठी रुग्णालय उभं राहिलं. ही कल्पना मग जगभर गेली. आपल्याकडे शाळेत वर्गशिक्षक क्षयरोग निवारणाची छोटी तिकिटं विकायचे, ती माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असतील. त्यांचं मूळ होल्बोलच्या टेबलावर आहे.

टपालातलं कार्ड कशासाठी जपायचं, असं मला मुलं विचारतात. त्याचं उत्तर मी माझ्या बीटवरूनच, म्हणजे टपालवाटपाच्या रोजच्या फेरीवरूनच देऊ शकतो.

डिसेंबर लागला की आमच्या ऑफिसातल्या सॉर्टिंगच्या टेबलाचं रूप पालटायचं. एरवी बँकेची पाकिटं, विम्याच्या नोटिसा आणि पिवळी पोस्टकार्डं. त्यात एकदम लाल, हिरवी, सोनेरी पाकिटं यायला लागायची. कुवेतची, बहारीनची, मस्कतची. बोटीवर कामाला असलेल्या पोरांची तर ज्या बंदराला बोट लागली असेल तिथली. ही कार्डं चौकोनी असायची, त्यामुळे त्यांचा गठ्ठा सुतळीत धड बसायचा नाही. जाड कार्डावर तारखेचा शिक्का अर्धाच उठायचा. चमकी हातांना, थैलीला आणि खाकी शर्टाला चिकटायची ती नवं वर्ष लागेपर्यंत. वाजणारी कार्डं निघाली तेव्हा शिक्का हाणला की पाकिटातून ‘जिंगल बेल्स’ सुरू व्हायचं आणि सगळं ऑफिस माना वर करून बघायचं. खूप जण पाकीट चिकटवायचे नाहीत. झाकण आत खोचायचं आणि कोपऱ्यात ‘बुक पोस्ट’ लिहायचं, की कमी तिकिटात काम व्हायचं.

खरं कसब पत्ता लावण्यात होतं. नंदाखाल, निर्मळ, गिरीज, भुईगाव या पट्ट्यात एकाच गावात एकाच नावाआडनावाचे चार-पाच जण सहज सापडतात. डिमेलो, लोपीस, डाबरे, रॉड्रिग्ज. पाठवणारा नाव लिहिणार, गाव लिहिणार आणि थांबणार. मग तिकीट कुठल्या देशाचं ते बघायचं आणि यातल्या कुणाचा मुलगा तिकडे आहे ते आठवायचं. नाही तर अक्षर बघायचं, कारण दर डिसेंबरात तोच हात लिहीत असायचा.

बीटवरच्या एका मावशींचं घर मला विसरता येत नाही. नवरा गेलेला, मुलं परदेशी. त्यांच्या ओट्यावर येशूजन्माचा गोठा मांडलेला असायचा आणि त्याच्या वर सुतळी बांधून आलेली कार्डं उघडून टांगलेली. कार्डं इंग्रजी, मावशी मराठी शाळेत शिकलेल्या. त्यामुळे कुणाचं कार्ड आहे ते मी वाचून सांगायचं आणि केकचा तुकडा खाऊनच पुढे जायचं, असा आमचा रिवाज होता. कुणाकुणाचं कार्ड आलं नाही, याची मोजदाद त्या जास्त बारकाईनं ठेवायच्या. एका वर्षी त्या म्हणाल्या, “भाऊ, नागपूरच्या सिस्टरचं कार्ड नाही आलं अजून. मी तर कधीच धाडलंय.” ही सिस्टर म्हणजे त्यांची चुलतबहीण, मठात राहणारी. जानेवारीत मावशींनी पाठवलेलं कार्डच परत आलं. त्यावर लाल शाईत शेरा होता, ‘मयत’. ते मीच त्यांच्या हातात दिलं. मावशींनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं, शेऱ्यावर बोट ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये जाऊन बहिणीच्या नावानं मिस्सा सांगितली.

माझं म्हणणं या परत आलेल्या कार्डात आहे. टपालानं गेलेलं कार्ड समोर माणूस आहे की नाही, याची चौकशी करतं. कुणीतरी थैली खांद्याला लावून त्या दारापर्यंत जातो. माणूस असेल तर कार्ड त्याच्या हातात पडतं. घर बदललं असेल तर कार्ड नव्या घरी जातं. माणूस गेला असेल तर कार्ड तसं सांगत परत येतं. व्हॉट्सॲपच्या शुभेच्छा मात्र एका बोटानं दोनशे जणांना जातात, आणि गेलेल्या माणसाच्या नंबरावरही दोन-दोन वर्षं जात राहतात. त्या कुणाला पोहोचल्या याची कुणी विचारपूस करत नाही. नाताळची कार्डं लिहायला बसणं म्हणजे वर्षातून एकदा पत्त्यांची वही उघडून, हा कुठे आहे, ही कशी आहे, असं एकेका नावापाशी थांबणं होतं. ते थांबणं आता आपल्या आयुष्यातून निघून चाललं आहे.

फोननं दिलेलं सुख मी नाकारत नाही. कुवेतमधल्या मुलाचा चेहरा आईला रोज रात्री दिसतो, ही फार मोठी गोष्ट आहे. त्यासाठी पूर्वीच्या आया पंधरा-पंधरा महिने वाट बघत. ज्यांच्याशी रोज बोलणं होतं त्यांना कार्ड नाही पाठवलं तरी चालेल. पण प्रत्येकाच्या आयुष्यात रोजच्या बोलण्यातले नसलेले पंधरा-वीस लोक असतात. जुन्या बाई, शेजार सोडून गेलेलं कुटुंब, पहिल्या नोकरीतला साहेब, मठातली आत्या. पूर्वी ही नाती वर्षाला एका कार्डावर टिकून राहायची. कार्ड गेलं आणि ही माणसंही गेली.

कार्ड तरी कुठे मोठं मनापासूनचं असतं, छापील मजकूर आणि खाली सही, असं काही जण म्हणतात. त्यांचं खरंही आहे. पहिलं नाताळ कार्ड वेळ वाचवण्यासाठीच निघालं. १८४० मध्ये इंग्लंडात एका पेनीत पत्र जायला लागलं आणि माणसांवर पत्रांचा पाऊस पडला. सगळ्यांना उत्तरं कशी लिहायची, म्हणून हेन्री कोल या अधिकाऱ्यानं १८४३ मध्ये जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक कार्ड काढून घेतलं आणि त्याच्या हजार प्रती छापल्या. मधे जेवायला बसलेलं कुटुंब आणि दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न आणि वस्त्र देणारी माणसं, असं ते चित्र. म्हणजे मजकूर पहिल्या दिवसापासून छापीलच होता. नाव आणि पत्ता मात्र हातानं लिहावा लागायचा, आणि प्रेम त्या दोन-चार ओळींत असायचं.

कार्डावर इतरांचंही पोट चालायचं. युनिसेफनं १९४९ मध्ये एका सात वर्षांच्या चेक मुलीच्या चित्राचं कार्ड काढलं आणि पुढे कार्डांतून जगभरच्या मुलांसाठी पैसा उभा केला. आपल्याकडे ‘क्राय’ या संस्थेनं तेच केलं. तोंडात किंवा पायात ब्रश धरून चित्रं काढणाऱ्या कलावंतांची कार्डं तर माझ्या थैलीतून घरोघर गेली आहेत. कार्डाचा खप घटला तो त्यांच्याही मिळकतीतून घटला.

आता हिशेबाची गोष्ट. थैलीत पत्रं दहा असोत की शंभर, पोस्टमनला बीट पूर्णच फिरावं लागतं. पत्रं कमी झाली की एकेका पत्रामागचा खर्च वाढतो, मग तिकीट महागतं आणि महागलं की लोक आणखी कमी लिहितात. ब्रिटनमध्ये हे आज दिसतं. वीस वर्षांपूर्वी तिथं वर्षाला दोन हजार कोटी पत्रं जात होती, आता सातशे कोटींच्याही आत आहेत. २०२० मध्ये ७६ पेन्सला मिळणारं पहिल्या वर्गाचं तिकीट २०२५ च्या एप्रिलमध्ये एक पौंड ७० पेन्स झालं. दुसऱ्या वर्गाची पत्रं एक दिवसाआड वाटायला परवानगी मिळाली. डेन्मार्क याच वाटेनं शेवटापर्यंत गेला.

आपण अजून त्या टोकाला नाही. साध्या पत्राला वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपये पडतात आणि पोस्टकार्ड पन्नास पैशांत जातं. पण २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, हेही आपण पाहिलं. ज्या घरी स्मार्टफोन नाही, ज्या म्हातारीला लिंक उघडता येत नाही, तिच्या दारापर्यंत सरकार आजही पोस्टमनच्या पायांनी जातं. ही पायवाट राहायची असेल तर तिच्यावरून काहीतरी जात राहिलं पाहिजे.

म्हणून माझी टपाल खात्याकडे एक मागणी आहे. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत शुभेच्छापत्रांना सवलतीचा दर जाहीर करावा. हा प्रश्न एकट्या ख्रिस्ती समाजाचा नाही. नाताळची कार्डं वाटून होत नाहीत तोच आम्ही तिळगुळाची पाकिटं वाटायला घ्यायचो. आत हलव्याचे चार दाणे असायचे आणि शिक्का जोरात बसला तर त्यांचा चुरा व्हायचा. दोन्ही सणांची कार्डं एकाच थैलीतून गेली आणि थांबलीही एकदमच. धर्मगुरूंना आणि शाळांना माझी विनंती आहे, की डिसेंबरात मुलांकडून गावातल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी कार्डं करून घ्यावीत आणि ती हातोहात न देता पेटीत टाकायला लावावीत. त्या निमित्तानं मुलं पत्ता लिहायला शिकतील. आपला सहा आकडी पिनकोड श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसानं बसवला, तो १५ ऑगस्ट १९७२ पासून चालू आहे, हेही त्यांना कळेल.

आणि वाचकांना सांगणं एवढंच, की यंदा पाच कार्डं लिहा. ज्यांच्याशी फोनवर बोलणं होत नाही अशी पाच माणसं निवडा. आत निदान दोन ओळी स्वतःच्या अक्षरात लिहा. पत्ता पूर्ण लिहा, आळी आणि वडिलांचं नाव घाला, पिनकोड टाका आणि १० डिसेंबरच्या आत पेटीत टाका. पाकिटाच्या मागे स्वतःचा पत्ता लिहायला विसरू नका. कार्ड परत आलं तरी ते तुम्हाला काहीतरी सांगायलाच आलेलं असेल.