जीप जुनी, प्रश्न नवा

ऐन पावसाळ्यात मारेगाव, घाटंजी किंवा झरी-जामणी तालुक्यातील एखाद्या आडवळणाच्या गावी जाण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांना काळ्या जमिनीचा स्वभाव निराळा सांगावयास नको. ज्या मातीने यवतमाळला कापसाचा जिल्हा हे नाव मिळवून दिले, तीच माती दोन दिवसांच्या झडीनंतर चाकाला अशी धरते की बैलही जागीच थबकतात. अशा वेळी ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या जुन्या जीपची आठवण होते. चारी चाकांना जोर देणारे हे वाहन चिखलातून हळूहळू, पण खात्रीने बाहेर पडते. म्हणूनच जुनी अमेरिकन जीप विकत घेण्याची हौस ग्रामीण भागात अद्याप टिकून आहे. ती निव्वळ हौस आहे की तीत काही व्यवहारही आहे, आणि व्यवहार असेल तर आजचा कायदा त्यास अनुकूल आहे काय, याचा शांतपणे विचार व्हावयास हवा.

या वाहनाचा जन्म युद्धाच्या घाईतला. १९४० साली अमेरिकन लष्कराने हलक्या टेहळणी गाडीची मागणी केली. बँटम या लहानशा कंपनीने ४९ दिवसांच्या मुदतीत पहिला नमुना सादर केला. मात्र मोठे उत्पादन टोलेडो येथील विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कारखान्यांकडे गेले. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. ब्रह्मदेश आणि चीनच्या आघाडीसाठी त्यांतील अनेक आपल्या देशात उतरल्या व युद्धानंतर शिल्लक लष्करी मालाच्या विक्रीतून खाजगी मालकांच्या हाती आल्या. १९४७ साली महिंद्र कंपनीने सुट्या भागांच्या स्वरूपात ७५ गाड्या आणल्या. पुढे मुंबईत माझगावला त्यांची जुळणी होऊ लागली. १९५२ च्या २ ऑक्टोबरला सामूहिक विकास योजनेचा आरंभ झाला आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप हे खेड्यातील सरकारचे चालते-बोलते रूप ठरले. देवीची लस असो, सुधारित बियाणे असो वा मतपेटी असो, ते पैनगंगेच्या काठापर्यंत पोहोचविण्याचे श्रेय या वाहनाकडे जाते.

तथापि, इतिहासाचे ऋण मान्य करणे निराळे आणि जुनी गाडी डोळे मिटून घेणे निराळे. पारख न करता जुन्या जीपचा सौदा केल्यास काय होते, याचा धडा खुद्द स्वतंत्र भारताच्या सरकारने घेतलेला आहे. १९४८ साली, काश्मीरची लढाई सुरू असताना, लंडनमधील उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी सैन्यासाठी दुरुस्त केलेल्या जुन्या जीपगाड्यांचा करार केला. ज्या १५५ गाड्या येऊन पोहोचल्या, त्या वापरण्यास अयोग्य ठरल्या. संसदेत वादळ उठले आणि १९५५ साली सरकारने प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. ज्याच्या दिमतीला तज्ज्ञांची फौज, त्या सरकारची ही गत. मग कापसाचा पैसा हाती येताच सौदा ठरविणाऱ्या शेतकऱ्याने किती सावध असावयास हवे!

पहिली सावधगिरी ओळखीची. ‘अमेरिकन’ म्हणून दाखविली जाणारी प्रत्येक जीप अमेरिकन नसते. युद्धकाळातील गाडीच्या पुढील जाळीला नऊ फटी असतात, नंतरच्या नागरी गाडीला सात. उंच बॉनेटची गाडी युद्धातली असूच शकत नाही. तो नमुना १९५३ सालचा आणि आपल्याकडे महिंद्रने तो दीर्घकाळ बनविला. युद्धकाळातील विलीजच्या सांगाड्याचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असतो, फोर्डचा चौकटी आकाराचा. शिवाय फोर्डने आपल्या सुट्या भागांवर इंग्रजी ‘एफ’ हे अक्षर उठविले होते. अर्थात ऐंशी वर्षांत एकीचे इंजिन दुसरीत आणि दुसरीचा ॲक्सल तिसरीत गेलेला असतो. त्यात पाप काही नाही. परंतु अस्सलपणाची किंमत मोजून मिश्रण घरी आणणे हे शहाणपणाचे नव्हे. निव्वळ चालविण्यासाठी गाडी हवी असेल, तर महिंद्रची जुनी जीपच श्रेयस्कर. तिचे बरेचसे भाग त्याच वंशातले असल्याने ते मिळविणे त्या मानाने सोपे जाते.

दुसरी सावधगिरी यंत्राची. विलीजचे सुमारे २२०० सीसीचे, साठ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन साधे आणि सोशिक आहे. कॉम्प्रेशन कमी असल्याने हलके पेट्रोलही त्याला चालते. मात्र आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या आणि कार्बुरेटर व पंपातील पडदे खराब करते, शिवाय हवेतील ओलावा ओढून घेते. तेव्हा हे भाग बदलून घेणे आणि टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल साठवून न ठेवणे, हा खर्च व ही काळजी आरंभीच हिशेबात धरली पाहिजे. गाडी लिटरला आठ-दहा किलोमीटरच्या पलीकडे जाईल, अशी आशा कोणी बाळगू नये. चार चाकांचा गिअर चिखल, रेती व नाल्यापुरताच लावावा. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या फिरण्यातील फरक सामावून घेणारी यंत्रणा या गाडीत नसल्याने कोरड्या डांबरी रस्त्यावर तो लावल्यास ट्रान्स्फर केस व ॲक्सल यांच्यावर नाहक ताण येतो.

सर्वांत गंभीर बाब ब्रेकची आहे. चारही चाकांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर अवलंबून असतात. एखादी नळी गळू लागली की चारही चाके निकामी होतात. सीटबेल्ट नाही, अंगावर पत्रा नाही आणि स्टिअरिंगला प्ले असेल तर वेग वाढताच पुढची चाके थरथरू लागतात. अशी गाडी पांढरकवड्याजवळून जाणाऱ्या नागपूर-हैदराबाद महामार्गावर भरधाव ट्रकांच्या रांगेत रात्री नेणे, किंवा तीत लग्नाचे वऱ्हाड कोंबणे, याचे समर्थन कोणतीही रसिकता करू शकणार नाही.

इथपर्यंतचा प्रश्न खरेदीदाराच्या शहाणपणाचा झाला. यापुढील प्रश्न शासनाच्या शहाणपणाचा आहे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणीनंतर तिचे नूतनीकरण करावे लागते. या नूतनीकरणाचे शुल्क २०२२ साली एकदम वाढले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ते दुप्पट झाले. देशी मोटारीस १० हजार रुपये, तर आयात केलेल्या चारचाकीस तब्बल ८० हजार रुपये! दुसरीकडे २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ हा वर्ग निर्माण केला. त्यात नव्या नोंदणीस २० हजार रुपये पडतात, ती दहा वर्षे चालते आणि फेरनोंदणीस पाच हजार पुरतात. मात्र ही गाडी नित्याच्या वा व्यापारी कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, मिरवणूक, दुरुस्ती व इंधन भरणे एवढ्यापुरतीच तिला मोकळीक आहे.

याचा अर्थ काय होतो, तो पाहावा. शहरातील धनिकाने जीप चकचकीत करून दिवाणखान्याच्या शोभेसारखी ठेवली तर कायदा त्याचे कौतुक करतो. शेतकऱ्याने तीच जीप बियाणे, खत किंवा आजारी माणूस नेण्यासाठी वापरात ठेवली तर त्याच कायद्याचा हात त्याच्या खिशात जातो. उभ्या गाडीला सवलत आणि राबणाऱ्या गाडीला दंड, असा हा उफराटा न्याय आहे. त्यातून नोंदणी न करताच गाडी वापरण्याची प्रवृत्ती वाढेल. मग ना तपासणी, ना विमा. आणि अपघात झाल्यास पीडिताला भरपाई मिळणेही दुरापास्त.

जुन्या गाड्या धूर ओकतात, अपघातांना कारण होतात, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो निराधार नाही. परंतु धोका वयात नसतो, अवस्थेत असतो. ब्रेक न लागणारी दहा वर्षांची गाडी नीट राखलेल्या पन्नास वर्षांच्या गाडीपेक्षा अधिक घातक होय. म्हणून शुल्काची भिंत उभारण्याऐवजी तपासणीची चाळणी बारीक करावी, हा उपाय अधिक न्याय्य ठरेल. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी ‘मर्यादित स्थानिक वापर’ असा मधला वर्ग निर्माण करता येईल. जिल्ह्याच्या हद्दीतच वापर, महामार्गावर बंदी, वेगाची व प्रवाशांची मर्यादा, दरवर्षी ब्रेक, स्टिअरिंग आणि धुराची सक्त तपासणी व विमा अनिवार्य, अशा अटी घालून शुल्क माफक ठेवावे. ज्याची गाडी या अटींत उतरणार नाही, तिने खुशाल भंगाराची वाट धरावी.

दरम्यान खरेदीदारांनी एक पथ्य कटाक्षाने पाळावे: आधी कागद, मग गाडी. चॅसिसचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी पडताळावा. गाडीची नोंद आयात केलेली म्हणून आहे की देशी, हे आरटीओत जाऊन पाहावे, कारण त्या एका शब्दात ७० हजारांचा फरक सामावलेला आहे. डिझेल इंजिन बसविले असेल तर त्यास परवानगी घेतली होती काय, तेही विचारावे. गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केलेले आहे. आणि कर्ज काढून जुनी जीप घेऊ नये. विकत घेण्याची किंमत एकदाच द्यावी लागते, पण चालविण्याची किंमत दरमहा दारात उभी राहते.

जुन्या विलीजचे हेडलाइट खिट्टी काढून मागे फिरविता येतात आणि त्यांच्याच उजेडात रात्री इंजिन दुरुस्त करता येते. ज्यांनी ही सोय केली, त्यांना यंत्र कुठे आणि कोणाच्या हाती बिघडेल याची जाण होती. आपल्या नियमांतही तेवढी जाण यावी, इतकीच अपेक्षा आहे. यवतमाळच्या पांदणरस्त्यांवर आजही चिखल आहे, आणि तो आहे तोवर राबणाऱ्या जीपला संग्रहालयाचा किंवा भंगाराचा रस्ता दाखविण्यापूर्वी शासनाने दहा वेळा विचार करावा.