नाच कुणाचा, नजर कुणाची

नारायण पेठेत या अंकाची जुळणी चालू असताना खाली नदीपात्रात ढोल-ताशाचा सराव रंगला होता. कमरेला ढोल आवळलेल्या घामाघूम मुली; त्यांच्या कपड्यांची चर्चा कुणी करत नव्हतं. २००८ साली आयपीएलच्या चीअरलीडरवरून मात्र महाराष्ट्रात केवढा गदारोळ! २०११ मध्ये आयपीएलच्याच पुणे वॉरियर्स संघाने भारतीय वेशातल्या नर्तकी आणल्या. प्रश्न मिटला का?

शालीनतेचा विषय निघाला की आपण ख्रिस्ती लोक पौलाचं तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र पुढे करतो. त्यात सोनं, मोती आणि भारी वस्त्रांनाही चाप आहे, हे (लग्नसराईत तर हमखास) विसरतो. कराराच्या कोशापुढे नाचणाऱ्या दाविदाला हिणवणारी त्याची बायको मीखलही आपल्याच बायबलातली. म्हणून या अंकात पाळकांआधी नाचणाऱ्या मुलींना बोलतं केलं आहे. तुम्हीही तुमचं मत कळवा; पण आधी घरातल्या लेकीशी वाद घालून घ्या.