पुरस्कारानंतरचा पडदा

नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' हा लघुपट अहमदनगरच्या महाविद्यालयातल्या त्यांच्या अभ्यासक्रमाचा भाग होता. शाळेची ओढ लागलेल्या पोराची ती गोष्ट राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत पोहोचली. त्यातला सूरज पवार पुढे 'फँड्री' आणि 'सैराट'मध्येही दिसला. आजही गावोगावची पोरं उसना कॅमेरा घेऊन, मित्राच्या दुचाकीवर उलटं बसून धावतं दृश्य टिपतात. आजीलाच नटी करतात. मग महोत्सवात मानचिन्ह मिळतं, बातमी छापून येते आणि लघुपट हार्ड डिस्कमध्ये पडून राहतो. ज्या गावात तो घडला, तिथल्यांनीही तो पाहिलेला नसतो! हे आम्हाला सलतं. नगरपालिकांनी आपल्या नाट्यगृहातली महिन्याची एक संध्याकाळ भाडं न घेता या मुलांना द्यावी. पहिल्या रांगेत ती आजी बसलेली असावी.