मुक्या कलांचा धडा

परदेशी विद्यार्थ्यांना तुर्की शिकवणाऱ्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत ‘कला आणि सण’ असे एक प्रकरण असते. पाण्यावर रंग शिंपडून कागदावर उचललेली एब्रू, पांढरे घोळदार झगे घातलेले फिरते दरवेशी, अंगाला तेल माखून झुंजणारे किर्कपिनारचे मल्ल, हिद्रेल्लेझच्या रात्री गुलाबाच्या झाडापाशी ठेवलेल्या इच्छांच्या चिठ्ठ्या आणि कोपऱ्यात कारागोझची रंगीत चामडी बाहुली. खाली आठ ओळींचा उतारा आणि ‘बरोबर की चूक’ स्वरूपाचे पाच प्रश्न. या प्रकरणात काही खोटे असते असे माझे म्हणणे नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. भाषेच्या पुस्तकाने निवडलेल्या या कला जवळजवळ सगळ्या मुक्या आहेत. आणि ज्या मुक्या नाहीत त्यांचे चित्र छापून त्यांना मुके केले आहे.

एब्रूचेच पाहा. ही कला मूळची पुस्तकाची सोबतीण. बांधणीच्या आतले कागद, सुलेखनाभोवतीची चौकट, ही तिची जागा. डिंकाने दाट केलेल्या पाण्यावर बैलाचे पित्त मिसळलेले रंग पसरायचे, आणि त्यातून उमटलेल्या कागदाच्या मधोमध अक्षर बसायचे. १ नोव्हेंबर १९२८ च्या कायद्याने अरबी लिपी गेली, लॅटिन आली, आणि नव्या पिढीला ते मधले अक्षर वाचता येईनासे झाले. चौकट मात्र राहिली. आज ती स्वतंत्रपणे भिंतीवर टांगली जाते, कार्यशाळांत शिकवली जाते. २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीतही गेली. एब्रू सुंदरच आहे. पण भाषा शिकायला आलेल्या माणसाला ती दाखवताना मधले अक्षर कुठे गेले हे सांगायचे नसेल, तर त्याला रंगीत कागदाखेरीज आपण काय दिले?

दरवेशांच्या ‘सेमा’ची कथा याहून गुंतागुंतीची. मेव्हलाना जलालुद्दीन रूमी १७ डिसेंबर १२७३ रोजी कोन्यात वारले. त्या तिथीला ‘शेब-इ-अरूस’, म्हणजे मीलनाची रात्र, म्हणतात आणि दर डिसेंबरात तिथे मोठा सोहळा होतो. पाठ्यपुस्तक इथवर सांगते. त्यांचे ‘मसनवी’ हे काव्य फारसीत आहे, सेमाच्या वेळी गायल्या जाणाऱ्या रचनांचे शब्दही बहुतांशी फारसी आहेत, आणि १९२५ मध्ये प्रजासत्ताकाने ६७७ क्रमांकाच्या कायद्याने सगळे दरवेशी मठ बंद केले, हे सांगत नाही. १९५० च्या दशकात सेमा परतला तो सांस्कृतिक कार्यक्रम म्हणून, तिकीट काढून पाहण्याचा. म्हणजे विद्यार्थ्याला तुर्की संस्कृतीचा नमुना म्हणून जे दाखवले जाते त्याची भाषा तुर्की नाही. ही लाजेची गोष्ट मुळीच नव्हे. ती सांगितली असती तर अनातोलियात दरबाराची, धर्माची, काव्याची आणि घरची भाषा शतकानुशतके वेगवेगळी होती, एवढे तरी कळले असते. त्याच भूमीत रूमींनंतर थोड्याच काळाने यूनुस एमरे लोकांच्या तुर्कीत गाऊ लागला, ही घटना केवढी मोठी होती तेही कळले असते. पण फिरत्या झग्याचे छायाचित्र शब्दांवाचून चालते.

आणि आता कारागोझ. त्याच्या बाबतीत झालेला अन्याय मला सर्वांत मोठा वाटतो. उंटाच्या कातड्याच्या पारदर्शक बाहुल्या, मागे दिवा, पुढे पडदा. रमझानच्या रात्री कॉफीगृहांत हा खेळ रंगे. तुर्कीत त्या पडद्याला ‘हायाल पेरदेसी’ म्हणतात. मराठी वाचकाला या दोन्ही शब्दांचे भाषांतर नको: खयाल आणि पडदा. पडद्यावर दोन शेजारी. हाजिवात शिकलेला, अरबी-फारसी समासांनी मढवलेली शिष्ट भाषा बोलणारा. कारागोझ अडाणी, रस्त्यावरचा, पोटाच्या चिंतेतला. हाजिवात काहीतरी भारदस्त बोलतो आणि कारागोझ त्यातला एखादा ध्वनी पकडून भलताच घरगुती अर्थ लावतो. आपल्या तमाशातला सोंगाड्या बतावणीत हेच करतो. मग एकामागून एक पात्रे येतात: आल्बेनियन, लाझ, इराणी, अरब, ग्रीक, आर्मेनियन, ज्यू, फ्रेंगी. प्रत्येकाची तुर्की वेगळी, प्रत्येकाचा हेल वेगळा, आणि हे सगळे आवाज पडद्यामागचा एकच कलावंत काढतो. ऑटोमन इस्तंबूलचा असा ध्वनिकोश दुसरीकडे मिळणे कठीण. त्यात त्या-त्या समाजांची टवाळी आहे, पूर्वग्रह आहेत, तेही लपवू नयेत.

थोडक्यात, कारागोझ हे भाषा न समजण्याबद्दलचे नाट्य आहे. परक्या भाषेच्या वर्गात बसलेला, निम्मे शब्द निसटणारा आणि उरलेल्या निम्म्यांतून भलताच अर्थ जुळवणारा विद्यार्थी साक्षात कारागोझच असतो. त्याच्याच अवस्थेवर बेतलेली कला हाताशी असताना पुस्तक त्याला बाहुलीचे चित्र दाखवते आणि विचारते, ‘कारागोझची दाढी कोणत्या रंगाची आहे?’

यावर शिक्षकांचे उत्तर मला ठाऊक आहे. ते अनेकदा ऐकले आहे. ‘सुरुवातीच्या विद्यार्थ्याला हे पेलणार नाही. जुनी ऑटोमन आज तुर्कांनाच कळत नाही.’ उत्तराचा दुसरा भाग खरा आहे, आणि म्हणूनच तो शिकवायला हवा. हाजिवातची भाषा प्रेक्षकाला थोडी तरी कळत असे, म्हणून कारागोझच्या चुकीवर हसू येई. भाषासुधारणेनंतर हाजिवात प्रेक्षकालाही कळेनासा झाला आणि विनोदाचा एक पाय लुळा पडला. मुस्तफा केमाल यांनी १९२७ मध्ये सहा दिवसांत मिळून छत्तीस तास केलेले ‘नुतुक’ हे भाषण आजच्या तुर्की तरुणाला सोप्या तुर्कीत ‘भाषांतर’ करून वाचावे लागते. जेफ्री लुईस या अभ्यासकाने १९९९ च्या आपल्या ग्रंथात या सुधारणेला ‘अनर्थकारी यश’ म्हटले, ते काही उगाच नाही.

याच सुधारणेचा एक सण आहे. २६ सप्टेंबर १९३२ रोजी दोल्माबाहचे राजवाड्यात पहिली तुर्की भाषा परिषद भरली. तो दिवस ‘दिल बायरामी’, म्हणजे भाषेचा सण. भाषा शिकणाऱ्याचा यापेक्षा हक्काचा सण दुसरा कोणता असेल? पण ज्यांविषयी मी बोलतो आहे त्या पुस्तकांच्या सणयादीत तो मला दिसलेला नाही. दाखवायचे म्हटले तर सांगावे लागेल की शुद्ध तुर्कीसाठी जुलै १९३२ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या पहिल्या नावात ‘तेत्किक’ आणि ‘जेमियेत’ हे दोन अरबी शब्द होते आणि आजचे नाव नंतर आले. फारसी ‘शेहिर’ला पर्याय म्हणून पुढे केलेला ‘केन्त’ हाही मुळात सोग्दी, म्हणजे इराणी कुळातलाच. सावरकरांच्या भाषाशुद्धीवर वाद घालत मोठ्या झालेल्या मराठी वाचकाला यात ओळखीचे बरेच सापडेल. आपण ‘तारीख’ आणि ‘दिनांक’ दोन्ही ठेवले. तुर्कीत ‘जेवाप’ आणि ‘यानित’ शेजारी-शेजारी नांदतात. पुस्तक त्यांना ‘समानार्थी’ म्हणते. ते समानार्थी नाहीत. कोण कोणता शब्द उचलतो यावरून त्याचा कल ओळखण्याचा खेळ तुर्कस्तानात दीर्घकाळ चालला.

सणांची नावे तर याहून बोलकी. रमझान संपल्यावरच्या ईदला कोणी ‘रामाझान बायरामी’ म्हणतो, कोणी ‘शेकेर बायरामी’, म्हणजे साखरेचा सण. पहिल्याला दुसऱ्यात धर्म पुसल्याचा वास येतो, दुसऱ्याला पहिल्यात आग्रह दिसतो. एक मे हा १९३५ च्या कायद्याने ‘बहार बायरामी’ झाला. कामगारांच्या दिवसावर वसंताचा बहर पांघरला गेला. १९७७ मध्ये तक्सिम चौकात त्याच दिवशी गोळीबार आणि चेंगराचेंगरीत तीसहून अधिक माणसे मेली; १९८० च्या लष्करी उठावानंतर सुट्टीच गेली; ‘श्रम आणि एकजूट दिन’ या नावाने ती २००९ मध्ये परतली. मे महिन्यातल्या सणांच्या पानावर गुलाबाचे झाड मात्र असते.

नेव्रूझ हा वसंतारंभाचा सण. इथे सगळा तंटा एका अक्षराचा आहे, आणि गंमत अशी की आपल्या देवनागरीला तो दिसतच नाही; आपण दोन्हीकडे ‘व’ लिहून मोकळे होतो. तुर्की लिहिणार व्ही, कुर्दी लिहिणार डब्ल्यू. १९२८ च्या वर्णमालेत क्यू, डब्ल्यू आणि एक्स नाहीत. दूरचित्रवाणी वाहिनीच्या नावात डब्ल्यू चाले, कुर्दी सणाच्या फलकावर चालत नसे. त्यावरून खटले होत. १९९२ च्या नेव्रूझला जिझ्रे, शिर्नाक, नुसायबिन या गावांत डझनांनी माणसे मारली गेली. त्याच दशकात सरकारने हा सण आपला म्हणून, आपल्या वर्णलेखनात, साजरा करायला घेतला. अक्षरांबद्दलची शिक्षा कायद्यातून गेली ती २०१४ मध्ये. वर्णमाला हा पुस्तकाचा पहिला धडा असतो. तिथे एकोणतीस अक्षरे ओळीने छापलेली असतात. जी तीन नाहीत त्यांच्याबद्दल एक वाक्यही नसते.

आता कोणी म्हणेल, हे सारे राजकारण झाले, विद्यार्थ्याला आधी आनंद द्या. केवळ आनंदाचा सणही एकदा होऊन गेला. २००३ पासून फेतुल्ला गुलेन यांच्या अनुयायांच्या शाळांभोवती उभे राहिलेले ‘तुर्की ऑलिंपियाड’ दरवर्षी भरे. शंभराहून अधिक देशांतली मुले येत, लोकवेश घालून तुर्की गाणी म्हणत आणि स्टेडियम डोळे पुसत असे. २०१२ च्या समारोपात तेव्हाचे पंतप्रधान एर्दोआन यांनी त्याच व्यासपीठावरून, नाव न घेता, परदेशी राहिलेल्या गुलेन यांना परतण्याचे आवाहन केले. पुढच्याच वर्षी दोघांचे फाटले. २०१४ मध्ये या उत्सवाला तुर्कस्तानात जागा उरली नाही. त्या मुलांना यातले काय कळले असेल? त्यांना गाणे पाठ करून दिले होते. बिनराजकारणाची म्हणून शिकवलेली संस्कृती किती झटकन राजकारणाच्या कामी येते, ते या दहा-अकरा वर्षांत दिसले.

आपल्याकडेही परप्रांतीयांसाठी मराठीची पुस्तके निघतात. त्यांत रांगोळी असते, लेझीम असते, तीही मुकीच. असो, तो विषय वेगळा.

माझी मागणी मोठी नाही. कारागोझच्या एखाद्या खेळातला हाजिवातशी होणाऱ्या संभाषणाचा तुकडा घ्यावा. हाजिवातचे अवघड शब्द अवघडच ठेवावेत, त्यांचे अर्थ समासात देऊ नयेत. विद्यार्थ्याने आधी कारागोझसारखे चुकावे, मग कोश उघडावा. मराठी विद्यार्थी असेल तर हाजिवातचे काही शब्द त्याला कारागोझआधी कळतील, आणि हसू कुठे येते हे तो शिक्षकालाच दाखवून देईल. त्या पानावर एब्रूच्या छायाचित्राला जागा उरली नाही, तर ते मुखपृष्ठाच्या आत लावावे. तिची मूळची जागा तीच आहे.