‘सर्व्हर डाऊन’चं खरं दुखणं : मुदतवाढ देता, मग सेकंद का मोजत नाही?

ई-पीक पाहणी असो, पीकविम्याचा अर्ज असो की लाडकी बहीणची ई-केवायसी, शेवटची तारीख जवळ आली की गावोगावच्या सेवा केंद्रांवर एकच उत्तर मिळतं, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." मग निवेदनं दिली जातात, मुदतवाढीची मागणी होते. १५ ऑगस्ट २०२१ ला ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली, तेव्हापासून हे रडगाणं सुरूच आहे. पाहणी राहिली तर सातबाऱ्यावर पीक लागत नाही आणि हमीभावाच्या खरेदीपासून नुकसानभरपाईपर्यंत सगळं अडतं.

अशा वेळी "सरासरी वेग ठीक आहे" हे उत्तर पुरेसं नसतं. समजा १०० जणांनी बटण दाबलं. ९० जणांचं काम एका सेकंदात झालं, १० जणांना ६० सेकंद लागले. सरासरी येते ६.९ सेकंद. पण सात सेकंद तर कुणालाच लागले नाहीत! ज्या दहा जणांचा खोळंबा झाला, ते सरासरीत दडून गेले. म्हणूनच जाणकार विचारतात, १०० पैकी ९५ जणांचं काम किती सेकंदांत उरकलं? इथे उत्तर येईल ६०, आणि दुखणं लगेच उघडं पडेल.

दुसरी गोष्ट बजेटची. घरखर्चासारखीच वेळेचीही वाटणी करता येते. सर्व्हरला एकूण तीन सेकंद दिले, तर लॉगिन तपासायला अर्धा, गटाची नोंद शोधायला एक, आधारसारख्या बाहेरच्या यंत्रणेला एक आणि उरलेला अर्धा शिल्लक. कुणी आपला वाटा ओलांडला की दुरुस्ती कुठे करायची ते कळतं. नाहीतर नुसतं नवं मशीन घेतलं जातं आणि रखडणारी नोंदींची शोधाशोध तशीच राहते.

सर्व्हरवरचा वेळ वेगळा मोजला, तर "तुमच्याकडे रेंज नाही" या सबबीचीही शहानिशा होते. रेंजचा दोष असेल तिथे टॉवरचं बघावं लागेल. दोष सर्व्हरचा असेल तर शेतकऱ्याला बांधावर मोबाईल उंच धरून फिरवण्यात अर्थ नाही.

मोजणी मात्र निवांत दिवसाची नको, शेवटच्या तीन दिवसांची हवी. गर्दी कधी होणार हे तारीख जाहीर करतानाच माहीत असतं. तेवढ्या गर्दीची चाचणी आधी घ्या आणि आकडे रोज जाहीर करा. मुदतवाढीने तारीख पुढे जाते. शेतकऱ्याची बुडालेली मजुरी परत येत नाही.